पवईचा एकर आणि आपला एकर



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, किडी, दुभती जनावरे यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे, पण शिवाराबाहेरचा मात्र नाही. पत्रांतून, ग्रामसभेतून, पारावरच्या गप्पांतून एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "आम्ही पहाटेपासून राबतो तरी हाती काही उरत नाही, आणि शहरात खुर्चीवर बसणारा आमच्या दहापट मिळवतो. असे का?" त्याला लागूनच दुसरे कोणी म्हणते, "अहो, पाची बोटे कधी सारखी असतात का? हे असेच चालायचे."

पाची बोटे सारखी नसतात हे खरेच. पण एक बोट हातभर लांब आणि बाकीची चार नखाएवढी असली, तर त्या हाताने नांगराची मूठ धरता येत नाही आणि घासही उचलता येत नाही. म्हणून दोन गोष्टींचा विचार करू. हा फरक कशामुळे पडतो, आणि तो पडला तर बिघडते काय? मोठमोठ्या ग्रंथांत न शिरता आपल्याला कळेल अशा एका ठिकाणावरून सुरुवात करू. ते ठिकाण म्हणजे मुंबईच्या उपनगरातील पवई.

पवई एके काळी शेतीचे गाव होते

आज पवई म्हटले की तळ्याकाठच्या उंच इमारती आणि काचेच्या कचेऱ्या डोळ्यांपुढे येतात. पण साष्टी बेटावरचे हे गाव भातखाचरांचे, ताडामाडांचे आणि डोंगरउतारावरच्या आदिवासी पाड्यांचे होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात साष्टीतली गावेच्या गावे एकेका धनिकाला पट्ट्याने दिली गेली. पवईची जमीन १७९९ मध्ये डॉ. स्कॉट नावाच्या इंग्रजाला मिळाली. त्याच्या मृत्यूनंतर ती सरकारकडे परत आली आणि १८२९ मध्ये फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थांना देण्यात आली. फ्रामजी शेतीचे हौशी होते. त्यांनी येथे विहिरी खोदल्या, ऊस लावला, नीळ आणि कापूस करून पाहिला, रेशमाच्या किड्यांसाठी तुतीही लावली. आपण ज्याला आज प्रयोगशील शेतकरी म्हणतो, त्यांतलेच ते एक.

पुढे मुंबईला पाणी कमी पडू लागले म्हणून १८९०-९१ मध्ये येथे बांध घालून पवईचा तलाव केला. पण त्याचे पाणी पिण्याच्या लायकीचे राहिले नाही. मुंबईसाठी मग तानसा, वैतरणा आणि नंतर भातसा अशी लांबलांबची धरणे बांधली गेली. यांतली बरीचशी धरणे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तेथे जशीच्या तशी लागू पडते.

स्वातंत्र्यानंतर पवईचे रूप पालटले. १९४८ मध्ये लार्सन अँड टुब्रो कंपनीने येथे दलदल आणि रान असलेली जागा घेऊन कारखाना सुरू केला. १९४९ नंतर शेजारी आरेची दूध वसाहत उभी राहिली आणि मुंबईच्या गोठ्यांतली जनावरे तेथे आली. १९५८ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आपले आय.आय.टी., सुरू झाले. पुढे नोव्हेंबर १९८६ मध्ये राज्य सरकार, मुंबई प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमिनीचे मालक-विकासक यांच्यात एक करार झाला. सुमारे २३० एकर जमीन ८० वर्षांच्या पट्ट्याने देण्यात आली. दर होता हेक्टरी एक रुपया, म्हणजे एकरी चाळीस पैसे! अट अशी होती की तेथे ४० आणि ८० चौरस मीटरची, सामान्य माणसाला परवडतील अशी घरे बांधायची. प्रत्यक्षात तेथे मोठाल्या सदनिकांची श्रीमंत वसाहत उभी राहिली. लोक न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की, आणखी काही बांधण्यापूर्वी ठरलेली तीन हजारांहून अधिक लहान घरे आधी बांधा.

या खटल्यात दोन्ही बाजूंनी पुष्कळ म्हणणे मांडले गेले. तो वाद आपल्याला येथे चघळायचा नाही. आपल्याला त्यातून एक धडा घ्यायचा आहे.

जमिनीचा भाव कोण वाढवतो?

समजा, पवईत एक एकर आहे आणि मराठवाड्यात एक एकर आहे. मातीचा नमुना तपासला तर कदाचित मराठवाड्याचीच माती सरस ठरेल. मग पवईच्या एकराला सोन्याचे मोल का? मालकाने तेथे जास्त घाम गाळला म्हणून? नाही. तेथे रस्ता आला, रेल्वे जवळ आली, शहापूरचे पाणी नळाने पोचले, शेजारी कारखाना आणि संस्था आल्या, आणि मजल्यावर मजले चढवण्याची परवानगी मिळाली. यांतली बहुतेक कामे सरकारी पैशाने, म्हणजे सगळ्यांच्या पैशाने झाली. वाढलेले मोल मात्र सातबाऱ्यावर किंवा पट्ट्यावर ज्याचे नाव त्याच्या पदरात पडले.

ही गोष्ट शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. कालवा आला की एका रात्रीत जिरायत जमिनीची बागायत होते. कालव्याच्या खालच्या अंगाला ज्याचे शेत, त्याचे नशीब उघडते. वरच्या अंगाला ज्याचे शेत, तो तसाच राहतो. दोघांची मेहनत सारखी आणि दोघांची अक्कलही सारखी. फरक पडला तो अभियंत्याने नकाशावर मारलेल्या रेघेमुळे. आणि धरणात ज्याचे शेत गेले, त्याच्या वाट्याला तर रेघही आली नाही.

तेव्हा विषमतेचे पहिले कारण हे. मोक्याची जागा, पाणी आणि परवानगी ज्याच्या हाती, त्याच्याकडे दुसऱ्यांच्या कष्टातून निर्माण झालेले मोलही आपोआप वाहत जाते. म्हणूनच आपल्या राज्याने कूळ कायदा केला, १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरवून कसणाऱ्याला मालक केले, आणि १९६१ मध्ये शेतजमिनीवर कमाल मर्यादा घातली. शहरी जमिनीवरही १९७६ मध्ये कमाल मर्यादेचा कायदा आला होता; तो महाराष्ट्राने २००७ मध्ये काढून टाकला.

फाटकाच्या दोन बाजू

मध्यंतरी कामानिमित्त पवईस दोन दिवस राहण्याचा योग आला. संध्याकाळी एका मोठ्या वसाहतीच्या फाटकाशी उभा असलेला रखवालदार मराठी बोलताना ऐकला म्हणून विचारले, "काय पाव्हणं, गाव कंचं?"

"जालन्याकडचा हाय, साहेब. दोन एकर हाय, कोरडवाहू. भाऊ बघतो."

"मग इकडं कसं?"

"पोरीला नर्सिंगला घातलीया. शेतातनं फी निघंना. इथं बारा तासांची ड्यूटी करतो, निम्मा पगार गावाकडं धाडतो. खोली पाच जणांत हाय."

थोडा वेळ गेला आणि तोच पुढे म्हणाला, "आतली माणसं वाईट न्हाईत, साहेब. सणाला देतात बी. पर आमचं आन् त्यांचं जगच येगळं."

हा माणूस रिकामटेकडा नाही, व्यसनी नाही, अडाणीही नाही. दोन जागी राबतो. तरी फाटकाच्या आतला आणि बाहेरचा माणूस यांत जे अंतर आहे, ते केवळ कष्टांच्या फरकाने पडलेले नाही. पवईतच जून २०२४ मध्ये जयभीम नगरच्या झोपड्या पाडल्या गेल्या, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर शेकडो कुटुंबे पदपथावर आली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. शहराला हे हात लागतात. त्या हातांच्या माणसांना टेकायला जागा मात्र नसते.

शेतीच्या वाट्याला कमी का?

आता आपल्या शेताकडे वळू. येथे तीन कारणे ध्यानात घ्या.

पहिले कारण, पोटाला मर्यादा आहे. एखाद्याचा पगार दहापट झाला म्हणून तो दहापट भाकरी खात नाही. तो मोटार घेतो, घर घेतो, मुलांना मोठ्या शाळेत घालतो. म्हणजे देशाची मिळकत वाढत जाते तसा तिच्यातला शेतीचा हिस्सा घटत जातो. हे जगभर घडले. पण इतर देशांत शेतीतली माणसेही त्याच वेगाने कारखान्यांत आणि इतर उद्योगांत गेली. आपल्याकडे तसे पुरेसे झाले नाही. आज देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा साधारण शेकडा १८ आहे, आणि काम करणाऱ्यांत शेतीवर असलेले शेकडा ४६ च्या घरात आहेत. सोपा हिशेब करा. ४६ माणसांनी १८ भाकरी वाटून घ्यायच्या आणि उरलेल्या ५४ माणसांनी ८२. दुसऱ्या पंगतीतल्या माणसाच्या ताटात सरासरीने जवळजवळ चौपट पडते.

दुसरे कारण, वाटण्या. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. आजोबांच्या साडेदहा एकरांचे नातवाच्या हाती सव्वातीन एकर राहिले. २०१८-१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत १०,२१८ रुपये निघाली. त्यात मजुरीचे आणि पगाराचे ४,०६३, पिकांचे ३,७९८ आणि जनावरांचे १,५८२ रुपये. म्हणजे शेतकरी म्हणवणारे कुटुंब पिकापेक्षा मजुरीवरच जास्त जगते आहे!

तिसरे कारण, बाजारातली आपली जागा. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला. गिऱ्हाईक जो रुपया देते त्यातले टोमॅटो पिकवणाराला सुमारे ३३ पैसे, कांदेवाल्याला ३६ आणि बटाटेवाल्याला ३७ पैसे मिळतात. पण दुधात हाच हिस्सा ७० पैशांच्या आसपास आणि अंड्यांत ७५ पैशांच्या आसपास आहे. दूधही नाशवंतच आहे, टोमॅटोपेक्षा लवकर नासते. फरक कशात आहे? दुधाचे संकलन, थंड करण्याची सोय, फॅटप्रमाणे दर आणि दहा दिवसांचा हिशेब हे सारे शेतकऱ्यांच्या सोसायट्यांनी बसवले. टोमॅटोवाला मात्र एकटा टेंपोतून उतरतो आणि मिळेल त्या भावाला माल टाकून परततो. ज्याच्याकडे थांबण्याची ताकद नाही त्याला भाव ठरवता येत नाही.

गावातही पवई आहे

मुंबईकडे बोट दाखवणे सोपे असते. पण आपल्या गावात काय आहे? येथेही फाटके आहेत, फक्त ती लोखंडाची नाहीत.

ज्याची विहीर त्याची बागायत. सरकार ठिबकसाठी अनुदान देते, पण संच आधी स्वतःच्या पैशाने बसवावा लागतो आणि अनुदान मागाहून खात्यात येते. ज्याच्याकडे आधी गुंतवायला पैसा नाही, त्याचा अर्जच होत नाही. नवे बियाणे असो की शेततळे, योजना खालच्या घरासाठी आखलेली असते आणि वरच्या घरात थांबते. यात कोणी चोरी करतो असे नाही. पाणी जसे उताराकडे वाहते तशी योजना सोयीकडे वाहते. आणि वीज-सवलत? ती पंप असलेल्याला मिळते. ज्याला पंपच नाही त्याला काहीच नाही.

उसाचेच पाहा. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या तावडीतून शेतकरी सुटला, ही केवढी मोठी गोष्ट! पण त्याच उसाच्या फडात बीड जिल्ह्यातून आलेले जोडपे पहाटे थंडीत कोयता चालवते. त्याचे लेकरू फडाच्या बांधावर झोपते आणि सहा महिने शाळेला मुकते. सभासदाची मुले इंजिनियर झाली. ऊसतोड्याचा मुलगा बहुधा कोयताच धरतो.

आणि घरातली विषमता? शेतात निम्म्याहून जास्त काम बायकांचे. निंदणी, खुरपणी, वेचणी, धारा, सगळे त्याच करतात. पण २०१५-१६ च्या गणनेत देशातील वहिवाटदारांत बायका शेकडा १४ च्या आसपासच निघाल्या. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे. तरी "हक्कसोड" लिहून देण्यासाठी बहिणीला माहेरचे बोलावणे येतेच. विषमता वाईट असे म्हणताना आपल्या उंबऱ्याच्या आतही एकदा पाहिले पाहिजे.

मग विषमता वाईट की चांगली?

काही शहाणी माणसे म्हणतात, "कोणी श्रीमंत झाला तर तुमचे काय जाते? तो श्रीमंत होतो म्हणून कारखाना निघतो, पाच जणांना काम मिळते. सगळे सारखे केले तर राबणार कोण?" या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या शेतकऱ्याने रात्र रात्र जागून द्राक्षे पिकवली, जोखीम घेतली, कर्ज फेडले, त्याला शेजाऱ्यापेक्षा जास्त मिळाले तर ते योग्यच आहे. त्याचे पाहून दुसरा शिकतो. असा फरक पुसायला गेलो तर आळस माजेल.

पण सगळा फरक असा नसतो. म्हणून मी तीन कसोट्या लावतो. त्या तुम्हीही लावून पाहा.

पहिली कसोटी, हे धन आले कोठून? घामातून, कसबातून, की केवळ मोक्याच्या जागेतून, मक्तेदारीतून आणि ओळखीपाळखीतून? पहिल्या प्रकारच्या धनाने गावाचे भले होते. दुसऱ्या प्रकारचे धन म्हणजे दुसऱ्याच्या चारीतले पाणी वळवून घेण्यासारखे आहे.

दुसरी कसोटी, सगळ्यांत खालच्या माणसाचे भागते का? माळ्यावर धान्य कमी-जास्त असो. पण कोणाच्या चुलीवर पातेलेच चढत नसेल, आजारात उपचार होत नसतील, लेकराची शाळा सुटत असेल, तर ती विषमता नुसता फरक राहत नाही, ती दुखणे होते.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. पुढच्या पिढीला दार उघडे आहे का? पवईच्या आय.आय.टी.त प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळतो आणि मागासवर्गीयांसाठी जागा राखलेल्या असतात. शेतमजुराचे लेकरूही तेथे पोचू शकते, आणि अशी काही पोचली आहेत. ही शिडी खरी आहे. पण तिची पहिली पायरी कोठे आहे? जिल्हा परिषदेच्या शाळेत गणिताचा शिक्षक असेल तर ती जमिनीवर आहे. नसेल, आणि लाखो रुपयांची खासगी शिकवणी हीच पहिली पायरी होत असेल, तर शिडी माळ्यावरून लोंबते आहे आणि खाली उभ्या असलेल्या मुलाचा हात तिला लागत नाही.

अर्थतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०२४ मध्ये भारतासाठी अंदाज मांडला. देशाच्या उत्पन्नात वरच्या शेकडा एका माणसाचा वाटा १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत शेकडा ६ च्या आसपास होता. २०२२-२३ मध्ये तो शेकडा २२.६ झाला, आणि एकूण संपत्तीतला वाटा तर शेकडा ४०.१. याच काळात दारिद्र्यही कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. पातळ झालेली भाकरी थोडी जाड झाली. पण ज्याच्या हाती एवढे धन जमते त्याच्या हाती उद्या कायदे वाकवण्याची, जमिनीचे आरक्षण बदलण्याची, वर्तमानपत्र आणि निवडणूक विकत घेण्याचीही ताकद येते. तेव्हा दार बंद होते. विषमतेची मला धास्ती वाटते ती यासाठी. श्रीमंताचा बंगला पाहून पोटात दुखावे, असे त्यात काही नाही.

समता आणली तर प्रगती खुंटते, हे म्हणणेही खरे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान, दक्षिण कोरिया आणि तैवान या देशांनी कुळांना जमिनी वाटल्या आणि गावोगाव शाळा भक्कम केल्या. त्याच शेतकऱ्यांच्या मुलांनी पुढे कारखाने उभे केले. पाया समान केला म्हणून त्यांची इमारत उंच गेली.

आपल्याच मातीतले उपाय

उपाय परदेशांतूनच आणावे लागतात असे नाही. महाराष्ट्राने दोन मोठे दाखले घालून दिले आहेत.

पहिला रोजगार हमीचा. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडून जगली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. पैसा कोठून आला? १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या कारकुनाच्या, कामगाराच्या आणि साहेबाच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापली जाऊ लागली, आणि तेवढीच भर सरकारने घातली. पवईच्या कारखान्यातल्या कामगाराने दिलेल्या चार पैशांतून तिकडे दुष्काळी गावात पाझर तलाव झाला. याला मी शहाणपणाची वाटणी म्हणतो. त्यात भीक नाही, आणि लूटही नाही. पुढे २००५ मध्ये देशाने त्याच धर्तीवर कायदा केला.

दुसरा दाखला पाणी पंचायतीचा. विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंता-कारखानदार. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात काम सुरू केले. त्यांनी नियम घालून दिला की पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता माणसांच्या प्रमाणात वाटायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ऊस लावायचा नाही. खर्चाचा हिस्सा सभासदाने स्वतः उचलायचा. विचार करा, ज्याच्याकडे वीस एकर त्याला आणि ज्याच्याकडे दोन एकर त्याला सारखेच पाणी! भांडणे झाली असतील, पण पावसाच्या थेंबावर सगळ्यांचा हक्क आहे, हे तत्त्व त्या माळावर सिद्ध झाले.

या दोन्ही दाखल्यांत एक गोष्ट समान आहे. श्रीमंताचे घर मोडले नाही. गरिबाच्या घराचा पाया मात्र भरला.

आपण काय करावे?

मोठी धोरणे मंत्रालयात ठरतात. पण काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

१. घरातला हिशेब लिहा. बियाणे, खत, मजुरी, घरच्यांचे कष्ट, सारे वहीत मांडा. आपला माल तोट्यात जातो की नफ्यात, हे कळल्याशिवाय भावाचे भांडण नीट भांडता येत नाही.

२. एकट्याने बाजारात जाऊ नका. दहा-वीस जणांचा गट करा, शेतकरी उत्पादक कंपनीत सामील व्हा, प्रतवारी आणि साठवण एकत्र करा. कंपनीचा ताळेबंद दरवर्षी सभेत वाचून घ्या. लक्ष न दिलेली सहकारी संस्था मूठभरांची जहागीर व्हायला वेळ लागत नाही.

३. अनुदानाची रक्कम मागाहून मिळते, ही अडचण लहान शेतकऱ्याने बचत गट किंवा सोसायटीच्या मुदती कर्जातून सोडवावी. अर्ज करताना पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी करू नका.

४. सातबाऱ्यावर घरच्या लक्ष्मीचे नाव लावा. मुलीचा वाटा मुलीला द्या. तिने प्रेमाने सोडला तर गोष्ट वेगळी, पण तिला भरीला पाडू नका.

५. गावच्या शाळेत गणित आणि इंग्रजीचा शिक्षक आहे का, ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांची सोय झाली का, हे ग्रामसभेत विचारा. देवळाच्या कळसाला वर्गणी जमते, तशी शाळेच्या अभ्यासिकेलाही जमू द्या.

६. जमीन विकण्याची पाळी आली, विशेषतः रस्त्यालगतची किंवा शहराजवळची, तर घाई करू नका. नवा रस्ता, वसाहत, कालवा यांचा आराखडा तालुक्याला जाऊन स्वतः पाहा. उद्या वाढणारे मोल दलालाला आधी कळते आणि शेतकऱ्याला शेवटी, हेच पवईपासून आपल्या फाट्यापर्यंत चालत आले आहे.

७. बोअर घेताना शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार करा. पाण्याचा ताळेबंद गावाने मिळून करावा. आपण खालून पाणी ओढायचे आणि वर बसून मुंबईला नावे ठेवायची, हे शोभत नाही.

शेतकऱ्याला समतेचा अर्थ सांगायची तशी गरज नाही. पेरणीच्या वेळी तो प्रत्येक दाण्याला सारखी ओल आणि सारखे अंतर मिळेल अशी काळजी घेतो. पुढे एखादे ताट जोमाने वाढते, एखादे मागे राहते. त्याला तो बोल लावत नाही. पण ओळीच्या ओळी कोरड्या राहिल्या तर चूक बियाण्याची नसून पाभरीची आहे, हे तो बरोबर ओळखतो. देशाच्या पाभरीकडेही त्याच नजरेने पाहावे आणि मत देताना, ग्रामसभेत बोलताना, घरात वाटणी करताना ती नजर जवळ ठेवावी, एवढेच आजचे सांगणे.

पुढील अंकी उन्हाळी भुईमुगातील खतांच्या मात्रा आणि आंतरमशागत.